बस्त्याच्या फेरीत चाचणी, पुढच्या फेरीत पापण्या

तुळशीचं लग्न लागलं की भोर-वेल्ह्याकडून स्वारगेटला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत बस्त्याला निघालेली माणसं दिसू लागतात. नवरी, तिची आई, मावशी, एखादी करवली आणि कुणाच्या तरी हातात लांबलचक यादी. साड्या घ्यायच्या, ब्लाऊज शिवायला टाकायचे, बांगड्या बघायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. या धावपळीत नवरी भुवया करायला पार्लरमध्ये बसते आणि तिथली ताई सहज म्हणते, "आलाच आहात तर पापण्यांचं पर्मही करून घ्या. तासाभराचं काम आहे, पुढे दीड-दोन महिने मस्काराची गरज नाही." पुन्हा यायचं म्हणजे पुन्हा दिवस मोडणार, पुन्हा तिकिटाचे पैसे जाणार. नवरी हो म्हणते.

माझा हा सगळा लेख त्या एका होकाराबद्दल आहे. पापण्यांचं पर्म, ज्याला हल्ली लॅश लिफ्टही म्हणतात, ते नीट शिकलेल्या हाताने आणि वेळ पाळून केलं तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ज्या दिवशी मनात आलं त्याच दिवशी, चाचणी न करता ते करून घेणं धोक्याचं आहे. डोळ्यांच्या डॉक्टरपासून 50-60 किलोमीटरवर राहणाऱ्या आपल्या बायका-मुलींसाठी तर अधिकच. वाचवलेली एक फेरी कधी कधी फार महाग पडते. म्हणून पर्म करायचंच असेल तर दोन फेऱ्यांचा हिशेब आधीच धरा. तो कसा धरायचा, पार्लरमध्ये काय बघायचं आणि काही बिघडलं तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, ते इथे सांगते.

पर्म करताना नेमकं काय होतं?

पापणीचा केस डोक्याच्या केसासारखाच केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या जोडांनी एकमेकींना बांधलेल्या असतात आणि केस सरळ राहणार की वळणार, हे बऱ्याच अंशी त्या जोडांवर ठरतं. मांडवाच्या कमानीसाठी बांबू वाकवताना आधी जुन्या गाठी सोडतात, बांबूला हवा तसा बाक देतात आणि मग गाठी पुन्हा आवळतात. पर्मची रीत तशीच आहे.

आधी पापण्या स्वच्छ पुसतात. खालच्या पापणीवर जेलची पट्टी लावून तिचे केस झाकतात. वरच्या पापणीवर सिलिकॉनची बाकदार पट्टी बसवतात आणि एकेक केस गोंदाने तिच्यावर चिकटवतात. मग पहिलं द्रावण लागतं. त्यात बहुधा थायोग्लायकोलिक आम्लाचा क्षार किंवा सिस्टिअमीन असतं. ते गंधकाचे जोड सोडवतं आणि केस मऊ पडून पट्टीचा बाक घेतो. ते पुसून दुसरं द्रावण लावतात. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा सोडियम ब्रोमेट असतं आणि ते जोड नव्या जागी पक्के करतं. प्रत्येक द्रावण काही मिनिटंच ठेवायचं असतं. किती मिनिटं, हे त्या त्या उत्पादनाच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. शेवटी पापण्या पुसून, तेलकट किंवा पोषक द्रव लावून काम संपतं. सगळं मिळून पाऊण ते एक तास लागतो आणि तेवढा वेळ डोळे मिटलेलेच हवेत.

एक गोष्ट ध्यानात घ्या. केस काढायच्या क्रीममध्येही थायोग्लायकोलेटच असतं. तिथे ते जास्त अल्कधर्मी मिश्रणात असतं, म्हणून केस वळत नाही, तुटून निघतो. म्हणजे केसाला बाक देणं आणि केस नासवणं यांत अंतर असतं ते द्रावणाच्या तीव्रतेचं आणि घड्याळातल्या मिनिटांचं. म्हणून या कामात घड्याळाला फार मोल आहे.

फरक किती पडतो आणि किती दिवस टिकतो?

पर्मने पापण्या लांब होत नाहीत आणि दाटही होत नाहीत. वरच्या पापणीला साधारण 90 ते 150 केस असतात आणि ते 8 ते 12 मिलिमीटर लांब असतात. तेवढेच केस मुळापासून वर उचलले जातात, म्हणून डोळा मोठा आणि मोकळा वाटतो. ज्यांच्या पापण्या सरळ आणि खाली झुकलेल्या आहेत, त्यांना फरक चटकन दिसतो. ज्यांच्या पापण्या आधीच वळलेल्या आहेत किंवा फार आखूड, विरळ आहेत, त्यांना पैसे खर्चून फारसं काही हाती लागत नाही. आरशासमोर बसा, बोटाच्या टोकाने पापणीचे केस हलकेच वर उचला आणि बघा. जेवढा फरक तेव्हा दिसेल, जवळपास तेवढाच पर्मने मिळेल.

टिकण्याचं गणितही सोपं आहे. पापणीचा प्रत्येक केस काही महिने जगतो, गळतो आणि त्या जागी नवा उगवतो. नवा केस सरळच येतो. त्यामुळे पर्मचा परिणाम 6 ते 8 आठवड्यांत ओसरत जातो. पहिले तीन-चार आठवडे सगळ्यांत चांगले. त्यानंतर काही केस वळलेले, काही सरळ, अशी सरमिसळ दिसू लागते. ती विस्कटलेली दिसली तरी लगेच पुन्हा पर्म करायला जाऊ नका. आधी वळलेल्या केसांवर पुन्हा द्रावण पडलं की तेच केस कोरडे पडून तुटतात. दोन पर्ममध्ये किमान दोन महिने जाऊ द्या.

काम बिघडलं की ते लगेच ओळखू येतं. टोकं जळाल्यासारखी कुरळी होतात, केस एकमेकांवर आडवेतिडवे चढतात, मुळाशी काटकोनात दुमडतात किंवा भुरभुरीत होऊन गळतात. पट्टी चुकीच्या मापाची असली तर बाक इतका जास्त येतो की केस वरच्या कातडीला टेकतात. असं झालं तर त्याच आठवड्यात "नीट करून देते" म्हणणाऱ्या ताईला नम्रपणे नको म्हणा. मूळ शाबूत असेल तर केस पुन्हा येतात, पण त्याला दीड ते चार महिने लागतात. तोवर वाट बघणं हाच उपाय.

धोका कुठे असतो?

पहिला धोका द्रावण डोळ्यात जाण्याचा. पर्मची द्रावणं बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यापासून, म्हणजे कॉर्नियापासून, केसभर अंतरावर असतात. अल्कधर्मी द्रव डोळ्यात गेला की तो वरवर न थांबता आत मुरू लागतो. डोळा आग आग होतो, लाल होतो, पाणी येतं, उजेड सहन होत नाही आणि पडद्यावर ओरखडे पडू शकतात. म्हणूनच युरोपीय संघाने पापण्या वळवायच्या द्रावणात थायोग्लायकोलिक आम्लाचं प्रमाण जास्तीत जास्त 11 टक्के ठेवलं आहे आणि ते फक्त व्यावसायिकांनी वापरायचं, असा नियम केला आहे. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने 2004 साली डोक्याच्या केसांचं पर्म-द्रावण पापण्यांना वापरू नये, म्हणून खास पत्रक काढलं होतं. आपल्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच, की केसांच्या पर्मची किंवा स्ट्रेटनिंगची बाटली पापण्यांजवळ येताना दिसली तर तिथल्या तिथे उठा.

दुसरा धोका ऍलर्जीचा. गोंद, द्रावण, जेलची पट्टी किंवा नंतर लावलेला रंग, यांतलं काहीही एखादीला सोसत नाही. पापणीची कातडी शरीरातली सगळ्यांत पातळ, म्हणून ती चटकन सुजते. काही वेळा सूज आणि खाज लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी येते. म्हणजे पार्लरमधून हसत बाहेर पडलेली नवरी तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडू शकत नाही, असं होऊ शकतं.

पापण्यांना रंग लावून घेण्याचा आग्रह झाला तर जास्तच सावध राहा. घरात केसांच्या रंगाचा डबा असेल तर तो उलटून बघा. ज्या रंगात पॅराफिनायलिनडायमिन असतं, त्याच्या वेष्टणावर आपल्या देशातल्या कायद्याने एक सूचना छापावीच लागते: हा रंग पापण्यांना किंवा भुवयांना लावू नये, त्याने आंधळेपण येऊ शकतं. ही सूचना उगाच आलेली नाही. 1933 च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्यांचा रंग विकला जात होता. त्याने काही बायकांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली, एकीची दृष्टी गेली. 1938 मध्ये तिथे सौंदर्यप्रसाधनांवर कडक कायदा आला, त्यामागच्या कारणांत हे एक प्रकरण होतं. ज्या मुलीला काळ्या मेंदीने कधी हाताला फोड आले असतील तिने तर पापण्यांच्या रंगाच्या वाटेला जाऊच नये. काळ्या मेंदीत बहुधा हेच रसायन मिसळलेलं असतं.

तिसरा धोका अस्वच्छतेचा. एकीच्या डोळ्याला लावलेला ब्रश किंवा न धुतलेली पट्टी दुसरीला लावली, की डोळे येण्याची साथ पार्लरमधून घरोघर पोचते.

कुणी थांबावं?

डोळे आले आहेत, रांजणवाडी झाली आहे किंवा पापण्यांच्या मुळांशी कोंड्यासारखी खपली धरते, त्यांनी ते पूर्ण बरं होईपर्यंत थांबावं. डोळे कोरडे पडण्याचा त्रास असणाऱ्यांनी, मोतीबिंदूची किंवा चष्मा घालवण्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी आणि काचबिंदूचे थेंब चालू असणाऱ्यांनी आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. कर्करोगावरचे उपचार चालू असताना केस आधीच नाजूक झालेले असतात, तेव्हा नको. दमा असेल तर द्रावणाचा उग्र वास त्रास देऊ शकतो. गरोदरपणात कातडी जास्त संवेदनशील होते, म्हणून बाळंतपणानंतर बघू म्हणणं शहाणपणाचं. आणि ज्या लहान मुलीला तासभर डोळे मिटून स्थिर पडून राहता येणार नाही, तिच्यावर हा प्रयोग करूच नये.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या पार्लरमध्ये शिरण्याआधीच काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत घालू नका. द्रव आत गेलाच तर लेन्स तो डोळ्याला चिकटवून धरते.

चाचणी कशी करायची?

कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, वाटाण्याएवढ्या जागेवर, तुमच्यावर जी वापरायची तीच द्रावणं, तोच गोंद आणि रंग लावणार असाल तर तोच रंग, थोडा थोडा वेगवेगळ्या जागी लावतात. माहितीपत्रकात जेवढा वेळ सांगितला असेल तेवढा ठेवून पुसतात. त्यानंतर किमान 48 तास त्या जागेकडे लक्ष ठेवायचं, शक्य तर तीन दिवस. लाली, खाज, पुरळ, फोड, यांतलं काहीही दिसलं तर पर्म रद्द. चाचणीच्या जागेचा रोज एक फोटो काढून ठेवा, म्हणजे फोनवर ताईला दाखवता येईल.

दोन गोष्टी विसरू नका. कंपनी बदलली तर चाचणी पुन्हा करायची. आणि चाचणी चांगली आली म्हणून द्रावण डोळ्यात गेलं तर चालेल, असं नाही. ऍलर्जी आहे का, एवढंच चाचणी सांगते. डोळ्याची काळजी हात आणि घड्याळच घेतात.

म्हणून बस्त्याची फेरी ही चाचणीची फेरी समजा. समजा लग्न 20 डिसेंबरला आहे आणि हळद 19 ला. बस्ता 25 नोव्हेंबरच्या आसपास असेल तर त्या दिवशी चाचणी करून या. दुसऱ्या फेरीत, शिवलेले ब्लाऊज आणायला जाल तेव्हा, 8 ते 10 डिसेंबरच्या दरम्यान पर्म करून घ्या. हळदीपर्यंत आठ-दहा दिवस हातात राहतात. काही झालंच तर सूज उतरायला, डॉक्टरकडे जायला वेळ मिळतो आणि पापण्याही तेव्हा उत्तम दिसतात. ज्यांना आयुष्यात पहिल्यांदाच करायचं आहे त्यांनी साखरपुड्याच्या वेळी करून बघावं. साखरपुडा आणि लग्न यांत दोन-तीन महिने असतील तर आपल्याला ते मानवतं की नाही, हे लग्नाआधीच कळतं. लग्नाच्या आठवड्यात पहिला प्रयोग करायचा नाही, हा नियम मात्र मोडू नका.

पार्लरमध्ये काय विचारायचं?

आपल्याकडच्या मुलींना शहरातल्या पार्लरमध्ये प्रश्न विचारायला संकोच वाटतो. तो बाजूला ठेवा. डोळा तुमचा आहे. शांतपणे म्हणा, "ताई, वापरायच्या बाटल्या मला आधी दाखवाल का?" बाटलीवर पापण्यांसाठी असल्याचा उल्लेख हवा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक आणि वापरण्याची अंतिम तारीख हवी. परदेशातून आलेल्या सौंदर्यप्रसाधनाला आपल्या देशात नोंदणी लागते आणि तो नोंदणी क्रमांक वेष्टणावर असतो. नुसत्या कोरियन किंवा चिनी अक्षरांची, मराठी-हिंदी-इंग्रजीतलं एकही लेबल नसलेली बाटली दिसली तर नको म्हणा. बाटल्यांचा फोटो काढून ठेवा, पुढे डॉक्टरांना लागला तर तो फार उपयोगी पडतो.

मग विचारा, "हे काम तुम्ही कुठे शिकलात? आधी केलेल्यांचे महिन्यानंतरचे फोटो आहेत का?" काम संपल्या संपल्या काढलेले फोटो सगळेच छान दिसतात. दुकानाची नोंदणी भिंतीवर लावलेली असते, पण ते हाताच्या कौशल्याचं प्रमाणपत्र नव्हे. टायमर लावतात का, ते बघा. दोन्ही डोळ्यांना द्रावण लावून ताई दुसऱ्या गिऱ्हाइकाचं थ्रेडिंग करायला निघाली, तर तिला तिथेच थांबवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, चुरचुरलं की लगेच सांगा. "थोडं चुरचुरतंच" असं उत्तर आलं तरी गप्प बसू नका. पर्ममध्ये डोळ्याला आग होणं अपेक्षित नसतं. आग झाली म्हणजे काहीतरी आत गेलं आहे.

आपल्याकडचे दिवस बघून ठरवा

शहरातल्या मुलीला पर्मनंतर दोन दिवस जपणं सोपं असतं. हिरडस मावळात किंवा गुंजण मावळात तसं नाही. आषाढ-श्रावणात भाताची लावणी असते. दिवसभर वाकून, चिखलात, पावसात. चिखलाचा शिंतोडा डोळ्यात जातो, भाताचं पातं डोळ्याला लागतं. ग्रामीण भागात बुबुळावर फूल पडण्याचं एक मोठं कारण हेच आहे: पिकाच्या पात्याने किंवा काडीने ओरखडा पडतो आणि त्यातून बुरशीचा संसर्ग होतो. पर्मच्या द्रावणाने आधीच चुरचुरलेला, सोललेला डोळा घेऊन शेतात उतरणं म्हणजे त्या संसर्गाला दार उघडून देणं. म्हणून लावणीच्या पंधरवड्यात आणि दिवाळीच्या आगेमागे काढणी-झोडणीच्या धुरळ्यात पर्म नको. पुढे-मागे किमान आठ दिवस मोकळे ठेवा.

चुलीवर स्वयंपाक असेल तर दोन दिवस धुरापुढे दुसऱ्या कुणाला तरी बसवा. तोरणा किंवा राजगड चढायचा बेत असेल तर घाम आणि धूळ यांमुळे डोळे चोळले जातात, तोही बेत दोन-तीन दिवस पुढे ढकला. हळदीच्या दिवशी डोळ्यांभोवती हळद माखू नका, असं करवल्यांना आधीच बजावून ठेवा.

पहिले 24 तास, आणि शक्य तर 48 तास, पापण्या भिजवायच्या नाहीत. वाफ घ्यायची नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, काजळ-मस्कारा नाही, पालथं झोपायचं नाही. चेहरा ओल्या फडक्याने पुसून घ्या. त्यानंतर नेहमीसारखं तोंड धुतलं तरी चालतं, फक्त डोळे खसाखसा चोळू नका.

डोळ्यात गेलंच तर

पहिली पाच मिनिटं सगळ्यांत मोलाची. फोन करत, डॉक्टर शोधत बसू नका. आधी पाणी. नळाखाली किंवा तांब्याने, स्वच्छ पिण्याच्या पाण्याची संथ धार डोळ्यावर सोडा. बोटांनी पापण्या उघड्या धरा, डोळा वर-खाली, डावीकडे-उजवीकडे फिरवा. हे 15 ते 20 मिनिटं, घड्याळ लावून. एकाच डोळ्यात गेलं असेल तर तो डोळा खालच्या बाजूला येईल असं डोकं कलतं करा, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. लेन्स असेल तर धुताना काढा.

गुलाबपाणी, मध, दूध, तूप, अंगावरचं दूध, यांतलं काहीही घालायचं नाही. डोळा चोळायचा नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. आणि मेडिकलमधून "डोळ्याचा लाल ड्रॉप" किंवा घरात उरलेला जुना थेंब घालायचा नाही. अशा थेंबांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. पडद्यावर ओरखडा असताना किंवा बुरशी असताना स्टिरॉइडने आजार झपाट्याने वाढतो. हा इशारा पर्मपुरता नाही, शेतात डोळ्याला पातं लागलं तरी तेवढाच खरा आहे.

धुऊन झाल्यावर दुखणं, धूसर दिसणं, उजेड न सोसणं, पांढुरका घट्ट स्राव किंवा वाढती सूज, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय आहे. तिथे प्राथमिक उपचार करून गरज पडल्यास पुण्याला पाठवतात. पुण्यात ससून रुग्णालयाचा नेत्रविभाग आहे आणि हडपसरजवळ मोहंमदवाडीला एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे. डोळ्यांचे डॉक्टर नारिंगी रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात पडदा तपासतात. ओरखडा असेल तर तो हिरवा चमकतो. नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही, म्हणून "वरून तर काही दिसत नाही" या बोलण्यावर विसंबून घरी बसू नका.

वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या बायकांना हे मुद्दाम सांगते. 2011 च्या जनगणनेत या तालुक्याची लोकसंख्या 55 हजारांच्याही आत होती. पानशेतच्या पाणलोटातल्या वाड्यांवरून गाडी मिळून पुण्याला पोचायला अर्धा दिवस जातो. पाऊस असेल तर त्याहून जास्त. शुक्रवारी संध्याकाळी पर्म करून घरी गेलेल्या मुलीचा डोळा शनिवारी रात्री सुजला तर काय करायचं, याचा विचार आधी करा. सकाळी लवकर आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी पर्म केलं तर दुसऱ्या दिवशी दवाखाने उघडे मिळतात.

बाटलीत खोट वाटली, तारीख उलटलेली निघाली तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे 1800-222-365 या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करता येते. सेवेबद्दल तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर. पावती मात्र जपून ठेवा.

आपल्या गावच्या पार्लरवाल्या तायांसाठी

भोर, नसरापूर, कापूरहोळ, वेल्हे इथे कितीतरी जणी घरातल्या पुढच्या खोलीत पार्लर चालवतात. त्या कष्टाच्या पैशावर घर चालतं, मुलांच्या फिया भरल्या जातात. गिऱ्हाइकं मागतात म्हणून तुम्हीही हे काम सुरू करण्याच्या विचारात असाल, तर तुमच्याशीही दोन शब्द बोलते.

मोबाइलवर व्हिडिओ बघून, ऑनलाइन संच मागवून लगेच गिऱ्हाइकावर हात चालवू नका. आधी प्रत्यक्ष शिकवणाऱ्या व्यक्तीकडे शिका आणि तिच्या डोळ्यांदेखत पुरेसा सराव करा. द्रावण पापणीच्या कातडीपासून एक-दोन मिलिमीटर दूर, केसाच्या खालच्या आणि मधल्या भागावरच लावायचं, टोकांना नाही. बारीक केसाला जाड केसापेक्षा कमी वेळ पुरतो. दर गिऱ्हाइकाला नवा ब्रश, नवी जेलपट्टी. सिलिकॉनच्या पट्ट्या साबणाने धुऊन, 70 टक्के अल्कोहोलने पुसून, कोरड्या करून मगच पुन्हा वापरायच्या. फोडलेली पुडी उद्यासाठी ठेवायची नाही, बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहायची. हाताशी सलाइनची सीलबंद बाटली आणि उशाशी टायमर हवाच.

एक वही ठेवा. नाव, चाचणीची तारीख, काय दिसलं, कोणती कंपनी, किती मिनिटं, सगळं तिच्यात लिहा. पुण्यातल्या पार्लरपुढे तुमची एक बाजू भक्कम आहे: चाचणीसाठी गिऱ्हाइकाला एसटीने यावं लागत नाही, ते दळण टाकायला निघालं तरी वाटेत येऊन जाऊ शकतं. "आज चाचणी, चार दिवसांनी पर्म" हे तुम्हाला सहज जमण्यासारखं आहे. आणि डोळा लाल असलेल्या मुलीला "आज नको बाई" म्हणून परत पाठवाल तेव्हा त्या दिवसाचे पैसे जातील, पण तिची आई पुढची दहा वर्षं तुमच्याकडेच येईल.

पर्म नको असेल तर

पापण्या वळवायचा चिमटा मिळतो. मस्कारा लावण्याआधी, स्वच्छ कोरड्या पापण्यांवर दहा सेकंद हलकेच दाबला की दिवसभरापुरता बाक येतो. मस्कारा लावल्यावर चिमटा लावला तर केस चिकटून उपटले जातात. चिमट्याचं रबर चिरलं की बदला. मस्काराची डबी तीन महिन्यांनी टाकून द्या आणि बहिणीबहिणींतसुद्धा वाटून वापरू नका. एरंडेल तेलाने पापण्या वाढतात असं घरोघर सांगतात, त्याला भक्कम पुरावा नाही आणि तेल डोळ्यात उतरलं की दिसणं धूसर होतं. पापण्या वाढवणारे थेंब औषधाच्या रूपात आहेत, पण त्यांनी पापण्यांची कातडी काळवंडू शकते, बुबुळाचा रंगही बदलू शकतो. ते डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ऑनलाइन मागवू नका.

लग्नाची यादी करायला बसाल तेव्हा साड्यांच्या खाली, ब्लाऊजच्या मापांच्या शेजारी एक ओळ आणखी लिहा: "पापण्या – चाचणी" आणि पुढे तारीख. तिच्या खाली दुसरी ओळ, "पापण्या – पर्म", तिच्या पुढेही तारीख. या दोन तारखांमध्ये किमान तीन दिवस असतील आणि दुसरी तारीख व हळद यांत किमान आठ, तर खुशाल जा. पहिली ओळ लिहायची राहून गेली असेल, तर दुसरीवर काट मारा. अंतरपाट दूर होईल तेव्हा समोरचं माणूस लख्ख दिसायला हवं, आणि त्यासाठी वळलेल्या पापण्यांपेक्षा निरोगी डोळे लागतात.